सव्वातीन किलो मसूर

२ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर फक्त तब्येत आणि गाडीची वेळ, बाकी सगळं पत्रात, हा बाबांचा नियम आपण त्यांच्या माघारीही मोडला नाही. काल मात्र मोडणार होते. दुकानातून थेट तुला फोन लावला आणि तू उचललास तेव्हा घाबरून तुझी सर्दी कशी आहे एवढंच विचारलं. तुला सर्दी झालीच नव्हती, हे नंतर लक्षात आलं.

मला लॅपटॉप घ्यायचा आहे. जुना आता एक चित्र तयार करायला चाळीस मिनिटं घेतो आणि एकोणचाळिसाव्या मिनिटाला डोळे मिटतो. दुकानात दोन पाहिले. एक इतका हलका की विक्रेत्याने तो दोन बोटांत धरून दाखवला. दिवसभर चार्जिंग टिकतं, आवाज अजिबात नाही. दुसरा व्यावसायिक कामाचा. चित्रांसाठी वेगळं कार्ड, मेमरी चौपट, आणि चार्जर म्हणजे चक्क वीट. त्याचा पंखा सुरू झाला तसं शेजारच्या गिऱ्हाइकाने मागे वळून पाहिलं. किंमत दुप्पट आहे, पण पैशांची अडचण नाही, ते बाजूला ठेवलेले आहेत. अडचण माझीच आहे.

विक्रेत्याने विचारलं, कशासाठी हवा. मी म्हणाले, पत्रव्यवहार, बिलं आणि थोडंसं रेखाटन. त्याने लगेच हलका पुढे सरकवला. घरी येईपर्यंत ते ‘थोडंसं’ मला टोचत होतं. खोटं मी फारसं बोलत नाही, आणि बोलले ते एका अनोळखी माणसाशी, तेही विनाकारण.

खरं असं आहे. आत्याच्या इमारतीतला जिना बदलायचं तिथल्या सहा घरांनी ठरवलं आहे. जिना अरुंद आणि उभा आहे, आणि लिफ्टला जागा नाही. गुडघा दुखावल्यापासून, म्हणजे सप्टेंबरपासून, आत्या खाली उतरलेली नाही. एक ठेकेदार जुन्याच उंचीच्या पायऱ्यांवर नव्या फरश्या आणि चकचकीत कठडा बसवून द्यायला तयार आहे. आत्याने सभेत परस्पर सांगून टाकलं की माझी भाची याहून चांगला जिना काढून दाखवेल. तीस मार्चला दाखवायचा आहे. कागदावरचे नकाशे तिथल्या कुणाला कळत नाहीत, पडद्यावर त्यांना त्यातून चालवून आणायला हवं. जुन्या लॅपटॉपवर ते होणार नाही. ऑफिसच्या संगणकावर घरचं काम मी करत नाही, हे तुला माहीत आहे. बाकीचे मुलांच्या लग्नपत्रिकासुद्धा छापतात.

अठरा वर्षं लिफ्टच्या कंपनीत लिफ्टच्या खड्ड्यांचे नकाशे काढते आहे. जिना माझ्या नावावर एकही नाही. मग भारी लॅपटॉप कुठल्या तोंडाने मागू? तुझं मत कळव.

आमचे हे, म्हणजे तुझे मास्तर, मजेत आहेत. यंदा त्यांच्याकडे पोहायला शिकायला वीस मुलं आली आहेत, त्यातली चार पाण्याला घाबरत नाहीत.

तुझा लोभ आहे तेवढा पुरे, पण उत्तर लवकर हवं.
तुझी,
फूटपट्टी

७ फेब्रुवारी

चि. फूटपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

सर्दीची चौकशी झाल्यावर मीही चकरावलो होतो. म्हटलं, या पोरीला माझ्याआधीच काही कळलं की काय. दोन दिवस वाफ घेतली.

आता लॅपटॉप. हॉस्पिटलातली यंत्रं दुरुस्त करण्यात माझी अठ्ठावीस वर्षं गेली. त्यातून एक गोष्ट शिकलो. जे रोज करतो त्यासाठी यंत्र घ्यावं, जे वर्षातून एकदा करतो त्यासाठी नाही. आमच्याकडे एक मोठं यंत्र आहे, सगळं करतं. ते काय काय करतं हे पाहुण्यांना दाखवण्यापुरतं आम्ही ते चालू करतो. तुला रोज लागतं ते हलकंच. मी तुझ्यासाठी त्या हलक्यावर पुष्कळ वाचन केलं आहे. त्याचा कळफलक फार सुंदर आहे म्हणतात, आणि बिजागरी तर एका बोटाने उघडते.

शिवाय तुझं ते ड्रॉइंग टेबल आठव. मोठ्या उत्साहाने घेतलंस, आम्ही चौघांनी वर चढवलं, माझी पाठ आठवडाभर धरली. गेल्या वेळी आलो तेव्हा त्यावर मास्तरांचे टॉवेल वाळत होते.

हे चेष्टेचं झालं. खरी काळजी तुझ्या खांद्याची आहे. मागच्या वर्षी तो आखडला होता तेव्हा तुला वेणीही घालता येत नव्हती. भारी लॅपटॉप घेऊन तू ऑफिस, आत्याचं घर, बांधकाम अशी फिरणार. म्हणून असं कर. घेण्याआधी वजन वापरून बघ. एक आठवडा हलक्याचं वजन पिशवीत घालून ऑफिसला जा, एक आठवडा भारीचं. चार्जर धरून. तुला मोजायची आवड आहेच, रोजचं लिहून ठेव. मग खांदा सांगेल ते कर.

जिन्याबद्दल तू इतकं लांबलचक लिहिलंस आणि लॅपटॉपबद्दल थोडकं, हे माझ्या नजरेतून सुटलेलं नाही. पण आधी खांदा.

मास्तरांना आणि न घाबरणाऱ्या चौघांना शाबासकी.
तुझ्या खांद्याचा हितचिंतक,
दादा

२४ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

प्रयोग संपला. तू सांगितलंस तसा अगदी काटेकोर केला. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून पहिल्या आठवड्यात दीड किलो मसूर घेतले, दुसऱ्या आठवड्यात सव्वातीन. टॉवेलात गुंडाळून, पिशवीची चेन लावून. आठवडाभर पिशवी उघडायची नाही असा नियम केला, म्हणजे मनाची फसवणूक नको. वहीतलं जसंच्या तसं उतरवते.

हलका आठवडा. सोमवार ते बुधवार: काहीच जाणवत नाही. गुरुवार: पिशवी ऑफिसातच विसरले. शुक्रवार: काहीच जाणवत नाही.

भारी आठवडा. सोमवार: दुसऱ्या थांब्यापर्यंत खांदा बोलू लागला. मंगळवार: खांदा ओरडतो आहे, पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर. मनात आलं, पुरे झालं, हलका घेऊन टाकावा. बुधवार: सकाळी तीच गत. गुरुवार: आश्चर्य! पुष्कळ बरं वाटलं. शरीर शिकतं आहे. शुक्रवार: तेच. शनिवारी शेवटची फेरी: अक्षरशः काहीच जाणवलं नाही. बसमध्ये एका उडीत चढले.

दादा, मला इतका आनंद झाला की मलाच शंका आली. मी मनापासून प्रामाणिक राहिले ना? वही दोनदा वाचली. आकडे तेच आहेत. माणसाचं शरीर चार दिवसांत दुप्पट वजनाला सरावतं, हे हॉस्पिटलातल्या डॉक्टरांना विचारून ठेव.

थोडक्यात, खांद्याने परवानगी दिली. सोमवारी दुकानात जाऊन भारी सांगणार आहे.

शिकलेल्या खांद्यासह तुझी,
फूटपट्टी

२५ फेब्रुवारी

ती. दादास,
न. वि. वि.

कालचं पत्र मिळालं असेल तर विसर, नसेल तर उघडू नकोस.

आज पिशवी उघडली. आत टॉवेल होता, एक पाकीट मसूर होते आणि वरची पाव किलोची पुडी. दोन पाकिटं गायब. मी मास्तरांना विचारलं. त्यांनी अगदी सहज सांगितलं की बुधवारी पोहून आल्यावर मुलं गारठली होती म्हणून सगळ्यांसाठी सूप केलं, गुरुवारच्या पहाटेच्या तुकडीने ते ऐकून हट्ट धरला म्हणून शुक्रवारी पुन्हा केलं. दाराजवळच्या पिशवीत एवढे मसूर पाहून त्यांना वाटलं, मी उंदरांपासून वाचवून ठेवले असावेत. नुसतं नेलं नाही, टॉवेलाची घडी पूर्वीसारखी घातली आणि चेनही लावली. व्यवस्थित माणूस आहे, काय करणार. आणि दोन्ही दिवस उरलेलं सूप मीही प्यायले. शुक्रवारी तर अजून मागून घेतलं.

म्हणजे गुरुवारी मी सव्वादोन किलो नेत होते आणि शनिवारी सव्वा किलो. शनिवारी माझ्या खांद्यावर जो भारी लॅपटॉप होता, तो हलक्यापेक्षा हलका होता! आणि मी डॉक्टरांना विचारायला निघाले होते.

मास्तरांना प्रयोग समजावून सांगितला तेव्हा ते आधी हसले नाहीत. म्हणाले, गुरुवारपासून तू शीळ घालत होतीस, मला वाटलं लिफ्टवाल्यांनी पगार वाढवला. मग जमिनीवर बसून हसले.

मला हसू आलं, पण नंतर वाईटही वाटलं. वही खरी होती, वजन खोटं होतं. आता भारीच्या खऱ्या तीनच नोंदी उरतात, सोमवारची, मंगळवारची आणि बुधवार सकाळची, आणि त्या तिन्ही हलक्याच्या बाजूने आहेत. नियमाने वागायचं तर हलकाच घ्यायला हवा. दुकानात गेले नाही. आत्याला काय सांगू?

पत्र पुन्हा वाचलं तर फारच रडकं वाटलं. तसं काही नाही, मसूर आणायला गेले की बरं वाटेल.

तुझी,
गंडलेली फूटपट्टी

३ मार्च

चि. फूटपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

दोन्ही पत्रं एकाच टपालाने आली आणि मी नेमकं दुसरं आधी उघडलं. मग पहिलं वाचलं. ‘शरीर शिकतं आहे’ हे वाक्य मी क्ष-किरण खोलीच्या बाहेर मोठ्याने वाचून दाखवलं. तिथे एक बाई पाय मोडून बसल्या होत्या, त्याही हसल्या. मास्तरांना माझा साष्टांग नमस्कार. असा मेहुणा मिळायला भाग्य लागतं.

पण तुझा प्रश्न खरा आहे आणि मला त्याचं उत्तर येत नाही. नियमाने गेलं तर हलका. पण तू गुरुवारी शीळ घालत होतीस. नियमात शिळेला काही किंमत आहे का, मला ठाऊक नाही. मी यंत्रं दुरुस्त करतो.

तुझ्या दोन्ही पत्रांची नक्कल आत्याला पाठवली आहे. रागावू नकोस. चाळीस वर्षं भूमिती शिकवलेल्या बाईकडे अशा गोष्टी सोपवाव्यात.

हसून पोट दुखलेला,
दादा

८ मार्च

चि. मुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी प्रयोगवही वाचली. दहापैकी चार गुण देते. नोंदी नीटनेटक्या, अक्षर चांगलं, पण प्रश्नच चुकीचा घेतला. तू सपाट रस्त्यावर आणि ऑफिसच्या लिफ्टमध्ये वजन वाहिलंस. लिफ्टच्या कंपनीत लिफ्ट नसेल तर कुठे असेल? लॅपटॉप कशासाठी हवा आहे, तर माझ्या जिन्यासाठी. मग प्रयोग माझ्या जिन्यावर व्हायला हवा. पूर्ण सव्वातीन किलो घेऊन ये आणि चढून दाखव. जावयांना आधी पिशवीपासून दूर बसव.

दुसरं एक. वीस तारखेला ठेकेदार पुन्हा येणार आहे आणि फरश्यांचे नमुने दाखवणार आहे. तळमजल्यावरचे निवृत्त बसचालक त्याच्या बाजूने आहेत. जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत त्यांच्या मोडक्या खुर्च्या आहेत आणि त्या खोलीला कुणी हात लावू नये एवढंच त्यांचं म्हणणं. माणूस चांगला आहे, फक्त खुर्च्यांच्या बाबतीत हट्टी.

माझं म्हणशील तर खिडकीतून समोरच्या कोपऱ्यावरची टपालपेटी दिसते. रोज पाहते. ही पत्रं वरच्या मजल्यावरची शिवणकाम करणारी माझ्यासाठी टाकून येते, आणि येताना पेटी रंगवली, पेटी पुसली अशा बातम्या आणते. मला बातम्या नकोत, पेटी हवी आहे. फरश्या बदलून मी काही खाली जाणार नाही. तेव्हा खांद्याशी बोलणं संपलं असेल तर जिन्याशी बोल.

वाट बघणारी,
आत्या

१५ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

काल आत्याकडे जाऊन आले. मसूर घरातून निघताना मोजले आणि आत्याच्या दारात पुन्हा मोजले. तिने आपला काटा तयारच ठेवला होता. पाच ग्रॅम कमी भरले. काट्याकाट्यात फरक असतो असं तिने जाहीर केलं.

बावीस पायऱ्या आहेत. पहिल्या आठ गेल्या. नवव्या पायरीवर मी पिशवी खाली ठेवली. ठरवून नाही, हात आपोआप खाली गेला. लाज वाटली, म्हणून कुणी पाहिलं का ते बघितलं. तेवढ्यात शिवणकामवाली खालून कापडाचा तागा घेऊन आली आणि तिने तो नवव्याच पायरीवर ठेवला, माझ्या पिशवीशेजारी. मी तिला विचारलं, इथेच का. तिने सांगितलं, सगळे इथेच ठेवतात. मी वाकून पाहिलं तर त्या पायरीची कड आतल्या बाजूला घासून खोलगट झाली आहे. दादा, तिथे कित्येक वर्षांच्या पिशव्यांचा खळगा आहे! पाण्याचे कॅन, भाजी, कडेवरची मुलं, आजारी माणसं. आत्या तीस वर्षं तिथे राहते, तिनेही कधी पाहिला नव्हता. भूमितीच्या बाईंना खळगा दिसला नाही म्हणून मी तिचे चार गुण कापले.

घरी येऊन माझी चित्रं काढली आणि सगळी बाजूला ठेवली. त्यात जिन्यावरची सगळी माणसं रिकाम्या हातांची होती. मी जिना काढत होते तो चित्रात चांगला दिसावा म्हणून. जिना रिकाम्या हाताने कुणी चढतच नाही. आता चौदा पायऱ्यांवर एक रुंद टप्पा केला आहे, जिथे वळायचं आणि थांबायचं. त्याशिवाय नवव्या पायरीच्या उंचीला भिंतीत कंबरेएवढा कट्टा, पिशवी टेकायला. वाकायला नको. पायऱ्या बुटक्या केल्या आहेत, म्हणून संख्या वाढून सत्तावीस झाली. जागा अडगळीच्या खोलीतून घ्यावी लागेल. तिथून नवा जिना आधी बांधायचा आणि मग जुना तोडायचा, म्हणजे कुणाला घर सोडावं लागणार नाही.

आज दुकानात गेले. तोच विक्रेता होता. त्याने विचारलं, कशासाठी हवा. मी म्हणाले, मी जिने काढते. त्याने मान डोलावली आणि सरळ भारीकडे गेला. मला वाटलं होतं काही तरी मोठं घडेल. त्याने फक्त पिशवी हवी का एवढं विचारलं. मी नको म्हणाले, माझ्याकडे आहे.

पंखा खरंच फार आवाज करतो. मास्तरांनी ड्रॉइंग टेबलावरचे टॉवेल स्वतःहून उचलले. उचलताना त्यांना पंख्याच्या वाऱ्यावर वाळवायचा मोह झाला होता, असं त्यांनी नंतर कबूल केलं. खांदा दुखतो आहे. दोन्ही खांद्यांवर अडकवायची पिशवी घेतली आहे आणि मास्तर रोज सकाळी व्यायाम करवून घेतात. खांद्याबद्दलची तुझी काळजी मी विसरलेले नाही, पण निर्णयात खांद्याला आता फक्त एकच मत आहे.

आशीर्वाद तीस तारखेसाठी राखून ठेव.
तुझी,
फूटपट्टी

२ एप्रिल

चि. फूटपट्टीस,
अनेक आशीर्वाद, राखून ठेवलेले धरून.

आत्याकडून सगळं समजलं. तुझ्याआधी तिचं पत्र आलं. सहा घरं तुझ्या पडद्यावरच्या जिन्यातून चालून आली आणि बसचालकांनी टप्प्यावर आल्यावर तुला थांबवलं. इथे खुर्ची मावेल का, असं त्यांनी विचारलं. तू लगेच तिथल्या तिथे खुर्ची ठेवून दाखवलीस. मग ते स्वतः म्हणाले की अडगळीची खोली घ्या, फक्त एक खुर्ची इथे ठेवू द्या, दुरुस्त करून देतो. ठेकेदार फरश्यांचे नमुने घेऊन गेला, पण बांधकामाचं काम त्यालाच मिळालं, त्यामुळे तोही खूश आहे. जुन्या लॅपटॉपवर त्यांनी खुर्ची मागितली असती तर चाळीस मिनिटं सगळे एकमेकांकडे बघत बसले असते. तेव्हा मी माझं मत मागे घेतो.

आता एक कबुली. तुझ्यासाठी मी त्या हलक्यावर जे वाचन केलं, ते तुझ्यासाठी होतं असं मला वाटत होतं. बिजागरीबद्दल चौथ्यांदा वाचताना बायकोने सांगितलं की तुमच्या डोळ्यांत काही वेगळंच आहे. परवा घेतला. एका बोटाने उघडतो. दिवसातून वीस वेळा उघडतो. कामाला म्हणशील तर अजून काही लागलेला नाही.

तुझ्यासाठी चुकीचा आणि स्वतःसाठी अचूक सल्ला देणारा,
दादा

१९ नोव्हेंबर

चि. मुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल शेवटची फरशी बसली आणि आज सकाळी ठेकेदाराने दोरी काढली. उद्घाटन नको असं मी सांगितलं होतं, तरी पाचही घरं दारात उभी होती, जशी मी बोटीने निघाले आहे. मी त्यांना आत जायला सांगितलं. पडले तर एकटीने पडायचं आहे, कुणाच्या अंगावर नाही.

तुझ्या सत्तावीस पायऱ्या मी मोजल्या. वरून अकराव्या पायरीपर्यंत गुडघा गप्प होता. तेराव्यानंतर टप्प्यावर बसचालकांच्या खुर्चीत बसले. खुर्ची उत्तम आहे, उजवा पाय किंचित आखूड, पण ते त्यांना सांगू नकोस. बसल्या बसल्या शिवणकामवाली खालून आली. तिने तागा कट्ट्यावर ठेवला आणि न वाकता माझ्याशी दोन मिनिटं बोलली. पूर्वी ती जिन्यात बोलत नसे, धापा टाकत असे.

तुझ्या दादाने पत्रातून कळवलं की तुला आणखी दोन इमारतींनी बोलावलं आहे आणि ऑफिसात तू आता आठवड्याचे तीनच दिवस जातेस. दिवस कमी करताना लिफ्टवाल्यांनी उलट तुला बढती देऊ केली हे मला फार आवडलं. तो भारी डबा घेऊन फिरतेस, तेव्हा खांदा सांभाळ. पण येताना माझ्याकडे तो वर आण. पायऱ्या आता सोप्या आहेत.

तुझ्या प्रयोगवहीचे गुण बदलले आहेत. दहापैकी नऊ. एक मसुरांसाठी कापला.

आज पत्र कुणाच्या हाती देणार नाही. पाकिटावर तिकीट लावलं आहे, चप्पल घातली आहे. इथून पुढे तुझी पत्रं मला येतील तशी माझी तुला जातील, मध्ये कुणी नाही.

तुझी,
आत्या

(पाकिटाच्या मागे)

ता. क. हे पेटीवर पाकीट टेकवून लिहिते आहे, म्हणून अक्षर वाकडं. पेटी नुकतीच रंगवली आहे, खरंच. पोचले.